आधी कोणी खाल्लं?

झिंगू आत्रामला कुणी काही फुकट दिलं की त्याच्या मनात पाल चुकचुकते. मागे सरकारी मच्छरदाण्या वाटायला पोरं आली, तेव्हा त्यानं विचारलं होतं, "आमच्या मच्छराची तुमाले काऊन एवढी फिकीर?" मच्छरदाणी घेतली, नाही असं नाही. पण सुरुवातीचे काही दिवस तिच्यात बकरी बांधली. बकरी धडधाकट राहिली, उलट मजेत दिसली, तेव्हा कुठे घरातल्या माणसांना आत झोपायची परवानगी मिळाली. बकरीचा वास मात्र त्या मच्छरदाणीला शेवटपर्यंत राहिला, आणि झिंगूची बायको सोमारी आजही त्यावरून त्याला सोलून काढते.

मुलचेऱ्यापासून आत, डांबर संपून मुरूम लागतो तिथून पुढे त्यांचं गाव आहे. घरं थोडी, जंगल भरपूर. गावात सगळे त्याला ओळखून आहेत. तेंदूपत्त्याच्या खरेदी-फडीवर मुंशी पुडके मोजायला बसला की झिंगू त्याच्या डोक्याशी उभा राहतो. रेशनचं मीठ जिभेवर ठेवून बघतो. एस.टी. सुटायच्या आधी ड्रायव्हरला विचारतो की गाडी नक्की पोचणार ना, आणि ड्रायव्हर हो म्हणाला तर जास्तच बेचैन होतो. गावदेवाची पूजा करणारा म्हातारा भूमिया एकदा कातावून म्हणाला होता, "झिंगू, तुले देवावर तरी भरवसा हाय का नाई?" झिंगूनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "देवावर हाय. त्याचा निरोप घेऊन येते त्याच्यावर नाई."

लोक हसतात, मीही हसलो. पण हा स्वभाव त्यानं आईच्या पोटातून आणलेला नाही. तो त्याला बाहेरून मिळाला, आणि महाग पडला.

त्याचा थोरला मुलगा विनोद लहान होता तेव्हा गावात एक पथक आलं होतं. कुठलं, कुणाचं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. पांढरी गाडी होती, गळ्यात पट्टे अडकवलेली शिकलेली माणसं होती. त्यांनी गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, टेबल मांडलं आणि लहानथोर सगळ्यांचं रक्त काढलं. पोरांना बिस्किटाचे पुडे दिले. "तुमच्या लोकांच्या रक्तात एक आजार असतो, तो शोधतोय. काय निघालं ते येऊन सांगू," असं म्हणाले. झिंगूनं तेव्हा सर्वांत आधी हात पुढे केला होता. होय, याच झिंगूनं. भोळा होता, तरुण होता.

ते लोक परत आले नाहीत. विनोदचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. हिवाळ्यात तर तो गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडायचा. झिंगूनं जडीबुटी केली, कोंबडं कापलं, देवाला विनवलं. थंडीच्याच दिवसांत एकदा त्याच्या छातीत कळ उठली, आणि बैलगाडीत घालून रस्त्याला लावेपर्यंत पोरगा गेला. काही वर्षांनी धाकटी दीपिका तशीच कण्हायला लागली. तिला तालुक्याला नेलं तेव्हा कळलं, ह्याला सिकलसेल म्हणतात. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस तडफडतो. त्याला गोळ्या असतात. विनोदलाही त्या देता आल्या असत्या. त्याचं रक्त कुणाच्या तरी कपाटात होतं, त्यात काय आहे हे कुणाला तरी ठाऊक होतं, आणि त्या कुणीतरी मुरमाच्या रस्त्यानं परत यायचे कष्ट घेतले नव्हते. मला विचाराल तर त्यानंतर झिंगूनं अख्ख्या जगावर संशय घेतला, तर तो त्याचा हक्कच होता.

दीपिकाला गोळ्या सुरू झाल्या आणि तिथे झिंगूनं एक मोठी चूक केली. ती समजायला त्यांच्याकडची एक रीत माहीत हवी. जंगलात आंबा लागला, मोह गळाला, नवं धान आलं, तरी पंडुम झाल्याशिवाय ते कुणी तोंडात घालत नाही. पंडुम म्हणजे नव्याचा सण. नवं फळ आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, मग भूमियानं खायचं, मग घरोघरच्या कर्त्या माणसानं, आणि त्याला काही झालं नाही म्हणजे मग बायकापोरांनी. झिंगूच्या लेखी औषधाची नवी बाटली हेही नवंच पीक होतं. म्हणून दर महिन्याला नवी बाटली आली की पहिले काही दिवस त्यातल्या गोळ्या तो स्वतः खायचा. त्याला मळमळायचं, तोंडाची चव जायची, पण मरत नाही अशी खात्री झाली की बाटली दीपिकाच्या हातात द्यायचा.

बाटली अर्थातच महिना संपायच्या आत रिकामी व्हायची. दीपिकाला वाटायचं, दवाखान्यातूनच गोळ्या कमी येतात. महिन्याच्या शेवटी तिला नेमकी कळ यायची. जिल्ह्याच्या दवाखान्यात सिकलसेलचे रोगी बघणाऱ्या पुनम मॅडम बुचकळ्यात पडल्या. एकदा त्यांनी झिंगूलाच समोर बसवून सरळ विचारलं, "गोळ्या विकता का?" तेव्हा त्याच्या तोंडून खरं निघालं. मॅडमनी डोक्याला हात लावला. रागावल्या, मग हसल्या, मग त्यांनी समजावलं की ही गोळी धडधाकट माणसानं खायची नसते, आणि तुम्ही खाल्लेली प्रत्येक गोळी तिच्या तोंडची होती. झिंगू बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसला आणि रडला. पोरीला जपायला म्हणून केलं, आणि पोरीलाच दुखवलं. तेव्हापासून तो गोळीला हात लावत नाही, फक्त वास घेतो.

अशा माणसासमोर मागच्या हिवाळ्यात पुनम मॅडमनी नव्या उपचाराची गोष्ट काढली. दीपिका तोवर विशी ओलांडून गेली होती. गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती, पण निम्मं वर्ष स्वतःच खाटेवर असायची. छातीत दोनदा कळ येऊन गेली होती, विनोदला आली तशीच. तिसरी कशी जाईल याचा भरवसा कुणी देत नव्हतं. नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात सिकलसेलवर संशोधन चाललं होतं, मॅडमही त्यात होत्या, आणि त्यासाठी तिच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या होत्या.

"झिंगूभाऊ, रक्त आपल्या हाडांच्या आत, मज्जेत तयार होतं," मॅडम सांगू लागल्या. "तिथे रक्ताचं बियाणं असतं, मूळपेशी म्हणतात त्यांना. दीपिकाचं बियाणंच बिघडलेलं आहे, म्हणून सगळं पीक वाकडं येतं. आम्ही ते बियाणं बाहेर काढणार, प्रयोगशाळेत त्यातली चूक दुरुस्त करणार आणि तिचंच तिला परत देणार. मधल्या वेळात हाडांत उरलेलं जुनं बियाणं एका कडक औषधानं जाळून टाकावं लागतं."

झिंगूनं बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "जुनं जाळून टाकलं, आन नवं उगवलंच नाई तर?"

"तर जिवाला धोका आहे. खोटं सांगत नाही. म्हणून तिचंच थोडं जुनं बियाणं आधी राखून ठेवतो. नवं नाही रुजलं तर ते परत देतो."

"आन अजून काय होते?"

मॅडमनी त्याच्याकडे न बघता दीपिकाकडे बघितलं. दीपिका खिडकीकडे बघत होती. "केस गळतात. तोंड येतं, ताप येतो, बरेच दिवस एकटीला खोलीत राहावं लागतं. बाकीचं सगळं दीपिकाला सांगितलंय."

बाकीचं. झिंगूनं तो शब्द उचलून गाठीला बांधला. "मॅडम, एक सांगा. आधी कोणी खाल्लं?"

मॅडमना पंडुम आता पाठ झालं होतं. "इथे काही जणांनी घेतलंय. बाहेरच्या देशांत अजून जास्त. आणि लहान मुलांना आत्ता देतच नाहीत. आधी मोठी माणसं, ती नीट राहिली तर मग पोरं."

"म्हणजे तुमच्यातबी पंडुम हाय," झिंगू म्हणाला, आणि क्षणभर त्याचा चेहरा सैल झाला. लगेच आवळला. "मले तो माणूस दाखवा. ज्यानं खाल्लं तो."

"नाव सांगता येत नाही, भाऊ. रोग्याचं नाव बाहेर सांगायचं नसतं."

"मेला काय?"

"नाही हो!"

"मग लपवता काऊन?"

ह्यावर मॅडम जे काही बोलल्या ते त्याच्या कानात शिरलंच नाही. दाखवत नाहीत म्हणजे दाखवण्यासारखं उरलेलं नाही, एवढं त्याच्यापुरतं पक्कं झालं. बसमध्ये दीपिका म्हणाली, "सही मीच करणार हावो, बा. पण तू नाई म्हणला तर नाई करणार." एवढं बोलून ती खिडकीला डोकं टेकून झोपली. झिंगू मात्र तिच्या पिवळट हातांकडे बघत जागा राहिला. हो म्हटलं आणि काही झालं तर तिला आपण घातली खड्ड्यात. नाही म्हटलं तर विनोदची वाट तिच्यासमोर उघडी आहेच. असा कात्रीत माणूस सापडला की त्याला स्वतःचाही संशय यायला लागतो.

सिकलसेलची घरं एकमेकांना धरून असतात. तपासणीच्या दिवशी तीच माणसं, तोच बाक, तोच चहा. तिथे वरोऱ्याच्या एका बाईनं बोलता बोलता सांगितलं की भद्रावतीच्या मनकर्णाबाईचा राजदीप नागपूरला काहीतरी मोठा इलाज करून आला म्हणे. झिंगूनं नाव लक्षात ठेवलं, घरी कुणाला काही सांगितलं नाही, आणि पुढच्याच आठवड्यात मधाची बाटली पिशवीत टाकून निघाला. आष्टी, गोंडपिंपरी, चंद्रपूर, आणि तिथून भद्रावती. पौषातली थंडी होती. हा पोरगा जिवंत नसणार, अशी मनाची तयारी करूनच तो उतरला.

घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत होतं. दार एका साठीच्या बाईनं उघडलं, पण अर्धंच.

"जोहार, बाई."

"जयभीम. कोण पायजे?"

"राजदीपभाऊ हाय का?"

"ड्युटीवर गेला. तुमाले कोणी पाठवलं?"

"कोणी नाई. मीच आलो."

"असं कोणी येत नसते," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि दार आणखी थोडं लोटलं. "मागं एक जण असाच गोड बोलून आला, अन् पोराचा फोटो काढून गेला. दुसरा आला तो सोयरिकीच्या नावानं सगळ्या गल्लीत विचारून गेला. तुमी कोणते?"

झिंगूला आत कुठेतरी बरं वाटलं. एवढ्या लांब येऊन त्याला पहिल्यांदा आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं होतं. त्यानं पायरीवरच बैठक मारली आणि सांगितलं, मुलचेऱ्याकडून आलो, पोरीला सिकलसेल आहे, पोरगा त्यातच गेला. मग पिशवीतून मधाची बाटली काढून पुढे केली. "जंगलचा हाय. घरचाच काढलेला."

मनकर्णाबाईंनी बाटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "आधी तुमी चाटा," त्या म्हणाल्या.

झिंगू इतका खूश झाला की त्यानं एक सोडून दोन बोटं चाटली. त्यानंतर दार पूर्ण उघडलं आणि चहा आला. राजदीप मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे, दिवेलागणीला येतो, असं त्या म्हणाल्या. झिंगूनं मान हलवली आणि मनात म्हणाला, बघू. भिंतीवरच्या फोटोंमध्ये राजदीपचा फोटो आहे का, त्याला हार घातलेला आहे का, हे त्यानं कपाच्या आडून दोनदा तपासलं.

राजदीप सायकलवरून आला. तिशीचा, काटक, हाताला तेलाचे डाग. झिंगूनं जोहार घातला, आणि बाकी काही बोलायच्या आधी त्याच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. पांढरंशुभ्र. पण डोळे काय, चार दिवस पांढरे राहू शकतात. सिकलसेलच्या घरातल्या माणसाला खरी परीक्षा माहीत असते. थंडी आणि थंड पाणी, ही दोन्ही त्या रोग्याची वैरी. दीपिका हिवाळ्यात भांडीसुद्धा कोमट पाण्यानं घासते.

"भाऊ, राग नोको मानू," झिंगू म्हणाला. "माह्यासमोर थंड्या पाण्यानं आंग धुतो काय?"

मनकर्णाबाई म्हणाल्या, "अवो, काहीतरीच काय!" पण राजदीपला हसू आलं. त्यानं काही विचारलं नाही. शर्ट काढला, अंगणातल्या टाकीतून बादली भरली आणि त्या थंडीत डोक्यावर ओतली. मग दुसरी. कुडकुडत उभा राहिला, अंगावर काटा आला, ओठ निळसर झाले. मनकर्णाबाई टॉवेल घेऊन धावल्या. झिंगू त्याच्या गुडघ्यांकडे, कोपरांकडे बघत बसून राहिला. पाणी निथळलं, चहा झाला, गप्पा झाल्या, भाकरी झाली. कळ काही आली नाही.

"दोन हिवाळे झाले," राजदीप म्हणाला. "त्याच्या आधी बादली पायली तरी मी थरथर करू. पण काका, सोपं नाई. तोंडात जखमाच जखमा. थुंकी गिळाले भेव वाटे. केस गेले. काचेच्या इकडून मी अन् तिकडून माय. एक दिवस तर मी म्हणलं, मरू द्या मले."

"आता बरा हायेस ना?"

"आज बरा हावो. पुढचं डॉक्टरलेबी माहीत नाई. पंधरा वर्षं बोलावणार हाय तपासाले."

झिंगूचे कान टवकारले. "बरा झाला तर पंधरा वर्षं कायले बोलावते?"

"तेच पाहासाठी. बरा राह्यतो का नाई."

एकदा रक्त नेऊन पुन्हा तोंड न दाखवणारे लोक त्याला माहीत होते. पंधरा वर्षं मागे लागणारे त्याला नवीन होते, आणि हे चांगलं की वाईट ते त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात मनकर्णाबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "पोराचा जीव वाचला, माह्यी तक्रार नाई. पण नातवाचं तोंड काही मी पायत नाई आता."

"काऊन?"

"त्या कडक औषधानं लेकरू होणं बंद होऊ शकते ना. याचं बीज काढून ठेवलं हाय नागपूरले, बर्फात. पण त्याचा काय भरवसा." मग झिंगूचा चेहरा बघून त्या थांबल्या. "तुमाले नाई सांगतलं? पोरीइलेबी तसंच हाय म्हणते."

बाकीचं. तर ते बाकीचं हे होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये झिंगूचं डोकं नुसतं भणभणत होतं. मॅडमनी पोरीकडे का बघितलं, वाक्य मधेच का तोडलं, सगळं जुळत होतं. आपण ओळखलं होतं! गोड बोलणारी ती बाई आपल्या लेकीची कूस जाळणार होती आणि आपल्याला केस गळतात म्हणून सांगत होती. खिडकीतून वारा येत होता, पण त्याला घाम फुटला होता. उद्याच जिल्ह्याला जायचं आणि त्या टेबलावर हात आपटायचा, असं ठरवून तो घरी पोचला.

दीपिका अंगणात शेकोटीजवळ बसली होती, गुडघ्यांवर गोधडी घेऊन. झिंगूनं पिशवी खाली टाकली. "भद्रावतीच्या त्या पोराले भेटून आलो. लपवलं तिनं! तुले लेकरू होणार नाई, हे लपवलं त्या मॅडमनं. मी म्हणलंच होतं!"

दीपिकानं मान वर केली नाही. "मॅडमनं मले पयल्याच दिवशी सांगतलं, बा. दोन येळा सांगतलं. बीज काढून ठेवता येते, तेबी सांगतलं."

"मग मले काऊन नाई सांगतलं?"

"मीच म्हणलं नोका सांगू."

चुलीपाशी सोमारी भाताचं भांडं उतरवत होती. तिचा हात थांबला नाही, तिनं वळूनही बघितलं नाही, आणि त्यावरून झिंगूला कळलं की तिलाही ठाऊक होतं. त्यानं मुंशीवर संशय घेतला होता, ड्रायव्हरवर घेतला होता, मिठावर, मच्छरदाणीवर, डॉक्टरवर घेतला होता. स्वतःच्या चुलीपुढे बसलेल्या दोघींवर घ्यायचं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तुले सांगतलं असतं तर तू नाईच म्हणला असता," दीपिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तू मॅडमले विचारलं. भद्रावतीले जाऊन त्या माणसाले विचारून आला. आखी दुनिया विचारली, बा. मले विचारलं का एकदा तरी, दीपिका, तुले काय पायजे?"

दीपिकानं गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

"मले एक हिवाळा पायजे. बिनदुखाचा. मंग लेकराचं पाहू. आन झालंच लेकरू, आन त्यालेबी विनोददादासारखंच झालं तर? ते मले नाई पायवणार."

झिंगू तसाच मागे फिरला आणि बकरीच्या कोठ्यात जाऊन बसला. सोमारीनं जेवायला हाक मारली तेव्हा आला, जेवला, बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस तो कामापुरतंच बोलत होता. नागपूरहून दोनदा फोन आला. आंबे लागायच्या सुमाराला कळवा, त्यानंतर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं सांगून झालं. माघात दीपिकाला पुन्हा एक कळ येऊन गेली. झिंगूनं रात्रंदिवस तिच्या पायांना शेक दिला, पण हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मला तर वाटतं, त्याला राग तिचा नव्हताच. आपल्याला न विचारता कुणीतरी आपल्याला वगळलं, हे त्याला लागलं होतं, आणि आपणही तिला तसंच वगळलं होतं, हे त्याहून जास्त.

मग मरका पंडुम आलं. मरका म्हणजे आंबा. झाडं कैऱ्यांनी लगडली होती आणि गावात अजून कुणी जिभेला लावली नव्हती. सकाळी पुरुष देवाच्या झाडाखाली जमले, भूमियानं कैऱ्या कापून देवाला, पूर्वजांना दाखवल्या, स्वतः खाल्लं, आणि घरोघरचा वाटा पानात बांधून दिला. झिंगू आपला वाटा घेऊन घरी आला. सोमारी आणि दीपिका अंगणात वाट बघत बसल्या होत्या. कर्त्यानं खाल्ल्याशिवाय त्यांना हात लावायचा नव्हता.

झिंगूनं दोन्यात, पानाच्या द्रोणात, कैरीच्या फोडी काढल्या. एक उचलली. मग ती परत ठेवली आणि दोना दीपिकापुढे धरला.

"खा."

"अवो, आधी तुमी," सोमारी घाबरून म्हणाली. "असं नसते करत."

"बा, तू खा ना आधी."

"नाई." झिंगूनं दोना आणखी पुढे सरकवला. "तुह्या गोळ्या मी आधी खाल्ल्या. तुलेच त्रास झाला. हे नागपूरचं माह्याच्यानं आधी खाणं होत नाई. ते माह्या आंगात घालत नाई कोणी, मी विचारलं असतं तरी. ते तुलेच आधी खा लागते. मंग आजपासूनच खा."

दीपिकानं विचारलं, "म्हणजे जाऊ?"

"मी येतो संग. काचेच्या इकडं बसून राहीन. त्या मॅडमवर माहा भरवसा नाई, सांगून ठेवतो. काय देते, काय करते, सगळं पायणार मी. पंधरा वर्षं बोलावते म्हणते ना, पंधरा वर्षं येणार." तो थांबला. "आन तुले काय पायजे ते मले आधी सांगत जाय."

दीपिकानं एक फोड उचलली आणि तोंडात घातली. झिंगू दोना धरून तिच्या तोंडाकडे बघत बसला, गोळ्यांच्या वेळी स्वतःला काय होतंय ते बघायचा तसा. सोमारीनं पदर तोंडाशी धरला होता. दीपिकानं डोळे मिटले, गाल आत ओढले, घोट गिळला.

"कशी हाय?" झिंगूनं विचारलं.

"आंबट."

मग त्यानं त्याच दोन्यातली दुसरी फोड उचलून खाल्ली, आणि डोळे पुसताना म्हणाला की यंदाच्या कैऱ्या फारच आंबट निघाल्या.